पुण्याची यादी

2024 च्या मार्चात दोघींच्या परीक्षा संपल्या. थोरलीची बारावी, धाकटीची दहावी. "पेपर झाले की पुण्याला नेते," असं मी दिवाळीतच बोलून बसले होते. पोरी असलं काही विसरत नाहीत. वहीच्या मागच्या पानावर यादी तयार झाली. शनिवारी तुळशीबाग, लक्ष्मी रोड, संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावर डोसा. रविवारी मॉल आणि दुपारचं जेवण एसी हॉटेलात. मुक्काम हडपसरला, माझ्या मावसबहिणीकडं. आदल्या वर्षीपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालेलं, त्यामुळं नातेपुते ते स्वारगेट प्रवासाचं ओझं नव्हतं. तरी सगळं मिळून सहा हजार.

सहा हजार म्हणजे वीस रोज. माझ्या डोक्यात हेच पहिलं आलं. कांदा काढायला येणाऱ्या बायांना आम्ही तीनशे देत होतो.

ही खोड आईकडून आलेली. 72 च्या दुष्काळात ती पंधरा वर्षांची होती, खडी फोडायला जायची. दुष्काळ सरला, पण तिचा हिशेब सुटला नाही. पुढं आयुष्यभर लुगडं बघितलं की ती म्हणायची, "एवढे रोज गेले." आणि लुगडं परत ठेवायची.

मी पोरींना म्हणाले, "रविवारचं जेवण बाराशेचं. म्हणजे चार बायांनी दिवसभर उन्हात वाकून काढलेला कांदा. कळतंय का?"

धाकटीनं काही न बोलता ती ओळ खोडली. मला क्षणभर बरं वाटलं. पोरीला जाण आली म्हणून.

थोरली मात्र म्हणाली, "आई, तू जेवणाचा हिशेब रोजात करतीस. मग रोजाचा हिशेब जेवणात का नाही करत?"

"म्हणजे गं?"

"मागल्या आठवड्यात मावशी साडेतीनशे मागत हुती. तू तीनशेवर आणलंस. त्या पन्नासात पुण्यात अर्धा डोसा पण येत नाही."

मी गप्प बसले. मावशी म्हणजे आमच्या टोळीची म्होरकी. मी घासाघीस केली होती, हे खरं. डिसेंबरपासून निर्यात बंद, कांद्याचा भाव पडलेला. त्यात रोजगार हमीचा दर 273 रुपये. आपण तर त्याहून जास्तच देतो, अशी मी मनाची समजूतही घातली होती. ही हमी योजना राज्यात उभी राहिली ती त्याच दुष्काळाच्या धड्यावर, ज्यात माझ्या आईनं खडी फोडली. हे मला ठाऊक होतं, पण भाव ठरवताना आठवलं नाही.

रात्री झोप लागेना. भाव पडला की शेतकऱ्याच्या हातात कापायला काय असतं? खताच्या पोत्यावर किंमत छापलेली. डिझेलचा दर पंपावर लिहिलेला. मॉलमधल्या टिकलीच्या पाकिटालासुद्धा किंमत चिकटवलेली असते, तिथं आपण तोंड उघडत नाही. तोंड उघडतं ते फक्त जिचं पोट हातावर आहे तिच्यापुढं.

आणि आईचं नि माझं बोलणं एकच असलं, तरी त्यात फरक होता. आई रोज मोजायची ते तिचे स्वतःचे होते. मी मोजत होते ते मावशीचे. दुसरीच्या घामानं मी माझ्या पोरींना लाजवत होते. धाकटी जेवली नाही म्हणून मावशीच्या पदरात एक रुपयाही पडणार नव्हता. हौस मारली की न्याय होतो, असं आपल्याला वाटतं. पण त्यानं फक्त हौस मरते.

सकाळी मी पोरींनाच विचारलं. काढणीचे चार दिवस उरले होते, बाया आठ. पन्नासानं सोळाशे होतात. थोरलीनं मॉलची ओळ खोडली. मग धाकटीला म्हणाली, "जेवणाची ओळ परत लिही."

मावशीला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "बरं केलंसा, बाई." ह्यांनी विचारलं, "पुढच्या साली भाव नसला तर काय करायचं?" त्याचं उत्तर माझ्यापाशी तेव्हाही नव्हतं, आजही नाही. एकदा दिलेला दर खाली आणता येत नाही, आणि कांद्याला ते कोण सांगणार?

माउलींची पालखी ज्या वाटेनं आमच्या गावात येते, त्याच वाटेनं आम्ही उलट्या गेलो. फलटण, लोणंद, जेजुरी, सासवड, दिवेघाट. पालखीच्या मुक्कामाला आमच्या चुलीवर किती भाकरी झाल्या, हे कुणी मोजत नाही. त्या दिवशी हिशेब आपोआप थांबतो. इतर दिवशी तो करावाच लागतो, फक्त आधी कुणाकडून वसूल करायचा ते ठरवावं लागतं.

तुळशीबागेत दोघींनी कानातली घेतली. रविवारी एसी हॉटेलात जेवलो. बिल आलं तेव्हा मी रोज मोजलेच. पोरींना सांगितले नाहीत.