मार्शमॅलोच्या गोष्टीमागचा शोधनिबंध

चार वर्षांचं मूल. समोर बशीत एक मार्शमॅलो, म्हणजे साखरेची पांढरी, फुगीर, मऊ मिठाई. बाई सांगतात, "मी बाहेर जाऊन येते. तोवर खाल्लं नाहीस तर दोन देईन." काही मुलं लगेच तोंडात टाकतात, काही थांबतात. मग सांगितलं जातं की थांबलेली मुलं पुढे अभ्यासात चमकली, आयुष्यात यशस्वी झाली. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत, पालकसभांत, फोनवर फिरणाऱ्या व्हिडिओंत ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली आहे. सांगणारा 'संयम' या शब्दावर येऊन थांबतो आणि ऐकणारे आईबाप मनातल्या मनात आपल्या मुलाला त्या खुर्चीत बसवून पाहतात.

गोष्ट हवेतून आलेली नाही. तिच्यामागे वॉल्टर मिशेल या पहिल्या दर्जाच्या मानसशास्त्रज्ञाचं अनेक दशकांचं काम आहे. पण मिशेल यांनी विचारलेला प्रश्न आणि या गोष्टीतून मिळणारं उत्तर यांची गाठच पडत नाही. हे कळायला मूळ शोधनिबंध उघडावे लागतात. मानसशास्त्रातलं संशोधन कसं वाचावं हे शिकायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

सुरुवात अमेरिकेत झालीच नाही, त्रिनिदादमध्ये झाली. 1950 च्या दशकात मिशेल तिथे गेले तेव्हा बेटावर दोन मोठे समाज शेजारी राहत होते: आफ्रिकी वंशाचे लोक आणि मळ्यांवर करारानं आणलेल्या भारतीय मजुरांचे वंशज. एकमेकांबद्दलची त्यांची मतं ठरलेली होती. भारतीय म्हणत, हे लोक आजचा दिवस साजरा करतात, उद्याचा विचार करत नाहीत. आफ्रिकी म्हणत, हे लोक पैसा गादीखाली दाबून ठेवतात, जगत मात्र नाहीत. मिशेल यांनी सात ते नऊ वर्षांच्या मुलांना विचारलं: छोटी गोळी आज हवी की मोठी काही दिवसांनी? हा निबंध 1958 मध्ये छापून आला. दोन समाजांत फरक दिसला खरा, पण घरात वडील आहेत की नाहीत हे पाहिल्यावर चित्र बदललं. वडील नसलेल्या घरांतली मुलं हातातली गोळी घेण्याकडे अधिक झुकत होती. म्हणजे अगदी पहिल्या निबंधातच एक शंका डोकावत होती. थांबणं हे मुलाच्या स्वभावावर अवलंबून असतं, की मोठ्या माणसांच्या शब्दाचा त्याला आजवर काय अनुभव आला आहे यावर? ही शंका पुढे अर्धं शतक बाजूला पडून राहिली.

मग मिशेल स्टॅनफर्ड विद्यापीठात आले. तिथे बिंग नर्सरी स्कूल होतं, विद्यापीठाचं स्वतःचं बालमंदिर. मुलं बहुतेक प्राध्यापकांची आणि तिथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची. एब एबेसन यांच्याबरोबर मिशेल यांनी 1970 मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला तो मी आवर्जून वाचायला सांगते. त्यात मार्शमॅलो नाहीच. बिस्किटं आहेत आणि प्रेट्झेल, म्हणजे खारट काड्या. 'आता एक, नंतर दोन' असाही सौदा नाही. मुलाला आधी विचारलं जाई, यातलं तुला जास्त काय आवडतं? जे आवडतं त्यासाठी थांबायचं. थांबवेना झालं तर खूण करून मोठ्या माणसाला परत बोलवायचं आणि कमी आवडीचं घ्यायचं. मुलं फक्त 32, सोळा मुलगे, सोळा मुली, वय साडेतीन ते पावणेसहाच्या आसपास. कमाल वेळ 15 मिनिटं.

या 32 जणांचे चार गट होते. एका गटासमोर दोन्ही पदार्थ उघडे ठेवले, दुसऱ्यासमोर फक्त आवडीचा, तिसऱ्यासमोर फक्त कमी आवडीचा, आणि चौथ्यासमोर काहीच नाही. संशोधकांचा अंदाज होता की बक्षीस डोळ्यांसमोर असलं तर थांबणं सोपं जाईल. फ्रॉईडनं असं सुचवलं होतं की हवी असलेली वस्तू मनात उभी करून मूल तिची वाट पाहू शकतं. निकाल नेमका उलटा लागला. काहीच समोर नसलेल्या गटातली मुलं सरासरी 11 मिनिटांहून थोडी जास्त थांबली. दोन्ही पदार्थ समोर असलेली मुलं जेमतेम एक मिनिट.

हे दोन आकडे शेजारी ठेवून नीट पाहा. कोणतं मूल कोणत्या गटात हे योगायोगानं ठरलं होतं. म्हणजे संयमी आणि अधीर मुलांची वेगळी वाटणी कुणी केलेली नव्हती. तरी अकरा मिनिटं आणि एक मिनिट एवढी तफावत केवळ मांडणीनं पडली. खोलीत काय ठेवलं होतं यावर ते अवलंबून होतं, मुलं कशी होती यावर नाही. थांबलेली मुलं दात-ओठ खाऊन इच्छाशक्तीनं बसली होती असंही निबंधात दिसत नाही. कुणी डोळ्यांवर हात धरले, कुणी हातांवर डोकं टेकलं, कुणी स्वतःशी बोललं, गाणी म्हटली, हातापायांचे खेळ रचले. काहींनी झोपायचा प्रयत्न केला आणि एकाला खरोखर झोप लागली. ती मुलं मोहाशी झुंजत नव्हती, त्याच्यापासून तोंड फिरवत होती.

मार्शमॅलो आला तो 1972 च्या निबंधात. तिथे मुलांना खेळणी दिली, गमतीच्या गोष्टींचा विचार करायला सांगितला, दुःखाच्या गोष्टींचा विचार करायला सांगितला, आणि प्रत्येक वेळी कोण किती थांबतं ते मोजलं. गमतीच्या विचारांनी थांबणं लांबलं, दुःखाच्या विचारांनी नाही. नंतर नॅन्सी बेकर यांच्याबरोबर 1975 मध्ये मिशेल यांनी मुलांना सांगून पाहिलं: मार्शमॅलो म्हणजे पांढरे ढग आहेत असं समज. ढग समजणारी मुलं थांबली. तो किती गोड, किती मऊ, असा विचार करायला सांगितलेली मुलं लवकर खचली. या सगळ्या मालिकेचा प्रश्न एकच आहे: थांबायला कशाची मदत होते? आणि उत्तर आश्वासक आहे. युक्ती शिकवता येते, चार वर्षांच्या मुलालासुद्धा.

हेच मिशेल यांच्या एकूण विचाराशी जुळणारं होतं. 1968 मध्ये त्यांनी 'पर्सनॅलिटी अँड असेसमेंट' हे पुस्तक लिहून व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासात खळबळ उडवली होती. माणसाला स्वभावाचं लेबल लावून तो पुढे काय करील हे फारसं सांगता येत नाही, परिस्थिती बदलली की वागणं बदलतं, असं त्यांचं म्हणणं. ज्या माणसानं हे ठासून सांगितलं, त्याचं नाव जगभर स्वभावाची परीक्षा घेणारा म्हणून झालं.

हे कसं झालं? मिशेल यांच्या तीन मुली बिंगमध्येच शिकलेल्या. घरी जेवताना ते सहज त्यांच्या जुन्या सोबत्यांची चौकशी करत. कोण कसा शिकतोय, कुणाचं काय चाललंय. त्या गप्पांतून त्यांना वाटू लागलं की लहानपणी किती थांबलं आणि पुढे कसं चाललंय यांत काही धागा असावा. मग पालकांना प्रश्नावल्या पाठवल्या गेल्या. युइची शोदा, मिशेल आणि फिलिप पीक यांचा 1990 चा निबंध इथून आला, आणि गोष्टीतला 'यशस्वी होतात' हा भागही इथूनच.

हा निबंध पेन्सिल हातात घेऊन वाचायचा आहे. मूळ प्रयोगांत सहाशेहून अधिक मुलं होती. माहिती मिळाली ती 185 जणांची. त्यातल्या 94 जणांचे एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण उपलब्ध होते. आणि ज्या मांडणीत बक्षीस उघडं होतं, कुठलीही युक्ती सुचवलेली नव्हती, त्या मांडणीतली मुलं होती फक्त 35. थांबण्याचा वेळ आणि गुण यांचा सहसंबंध भाषेच्या भागात 0.42 आणि गणिताच्या भागात 0.57 आला तो या 35 जणांत. बाकीच्या मांडण्यांत असा ठाम संबंध दिसलाच नाही. 35 जणांवरून काढलेला 0.57 म्हणजे काय, हेही समजून घ्यायला हवं. नेहमीच्या पद्धतीनं हिशेब केला तर खरा सहसंबंध साधारण 0.3 ते 0.75 यांत कुठेही असू शकतो. लेखकांनी हे लपवलेलं नाही. नमुना लहान आहे, प्रत्यक्षातला संबंध याहून कमी असू शकतो, इतर मुलांवर पडताळून पाहायला हवं, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्या ओळी निबंधाच्या शेवटाकडे आहेत, आणि बहुतेक लोक तिथवर पोचत नाहीत.

1995 मध्ये डॅनियल गोलमन यांच्या 'इमोशनल इंटेलिजन्स'नं ही गोष्ट घराघरांत नेली. गोष्ट नेताना तिच्यातले '35' गळाले, 'फक्त एका मांडणीत' गळालं, 'सावधगिरी' गळाली. उरलं ते संयमी मूल आणि अधीर मूल. थांबणं शिकवता येतं हे सांगणारं संशोधन, थांबणाऱ्यांची आणि न थांबणाऱ्यांची जात ठरवण्याच्या कामी लागलं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण यात नुकसान झालं ते सगळ्यांत आधी गरीब घरातल्या मुलांचं. तुमच्या मुलात संयम कमी म्हणून तो मागे, असं कुणाला सांगणं सोपं झालं.

त्रिनिदादची शंका परत आली 2013 मध्ये. सेलेस्ट किड, हॉली पाल्मेरी आणि रिचर्ड ॲस्लिन यांनी 28 मुलांवर एक साधा प्रयोग केला. आधी चित्रं काढायला बसवायचं आणि सांगायचं, थांब, मी चांगले रंग घेऊन येतो. निम्म्या मुलांसाठी ते रंग खरंच आले. निम्म्यांसाठी माणूस रिकाम्या हातानं परतला: "माफ कर, नाहीयेत." त्यानंतर मार्शमॅलो. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली, शब्द मोडलेला पाहिलेली सरासरी 3. पहिल्या गटातली 14 पैकी 9 मुलं पूर्ण 15 मिनिटं थांबली, दुसऱ्या गटातलं फक्त एक. ज्या घरात डब्यातला खाऊ उद्या असेलच याची खात्री नाही, त्या घरातलं मूल आज खातं, तेव्हा ते अधीर असतं की शहाणं? हाही लहान नमुना आहे, हे विसरायचं नाही. मला पटणारा निकाल आला म्हणून 28 चे 280 होत नाहीत.

मोठा नमुना आला 2018 मध्ये. टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी अमेरिकेतल्या नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली. आईचं पदवीपर्यंत शिक्षण न झालेली 552 मुलं त्यांनी मुद्दाम केंद्रस्थानी ठेवली. संबंध सापडला, पण 1990 च्या जवळपास निम्मा. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण, मुलाची लहानपणची आकलनक्षमता हे हिशेबात धरल्यावर त्यातलाही सुमारे दोनतृतीयांश भाग गेला. लगेच मथळे आले: मार्शमॅलो चाचणी खोटी ठरली.

इथे पुन्हा निबंध वाचायला हवा, कारण हे मथळेही पहिल्या गोष्टीइतकेच उतावळे होते. 2018 च्या प्रयोगात कमाल वेळ 15 नव्हे, 7 मिनिटं होती, आणि पुष्कळ मुलांनी ती पूर्ण केली. त्यामुळे सात मिनिटं थांबणारं आणि वीस मिनिटं थांबू शकणारं मूल यांत भेद करताच येत नाही. आणखी एक खोल मुद्दा टीकाकारांनी काढला. मुलाच्या आकलनक्षमतेमुळेच त्याला थांबता येत असेल, तर ती हिशेबातून वजा केल्यावर थांबण्यात उरणार काय? यावर दोन्ही बाजूंनी उत्तरं-प्रत्युत्तरं झाली आहेत. कोणता घटक वजा करायचा हे गणित सांगत नाही. ते ठरवायला आधी कारण काय आणि परिणाम काय याबद्दल स्वतःचं मत बनवावं लागतं, आणि वाचकानं नेमकं तिथे थांबून विचार करायचा असतो.

त्याच वर्षी जर्मन आणि कॅमेरूनमधल्या न्सो समाजातल्या चार वर्षांच्या मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. शेतकरी न्सो घरांतली सुमारे 70 टक्के मुलं शेवटपर्यंत थांबली, जर्मन मुलांपैकी 30 टक्क्यांच्या आत. संयमावर समृद्धी उभी राहते असं मानणाऱ्यांनी या आकड्यांपुढे जरा वेळ बसावं. आणि 2020 मध्ये बिंगच्याच मुलांचा, आता चाळिशी ओलांडलेल्या, पाठपुरावा छापून आला. लहानपणीच्या त्या एका चाचणीवरून त्यांच्या मध्यमवयातल्या आर्थिक स्थितीचा अंदाज बांधता आला नाही. लेखकांच्या यादीत मिशेल यांचंही नाव आहे. ते 2018 मध्ये वारले, पण आपल्याच प्रसिद्ध गोष्टीला कात्री लावणाऱ्या कामात ते शेवटपर्यंत सहभागी राहिले. मला त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो या कारणासाठी.

विद्यार्थी निबंध हातात आला की गोषवारा वाचतात आणि थेट निष्कर्षावर उडी मारतात. मधला पद्धतीचा भाग रुक्ष म्हणून सुटतो. पण मुलं कोण होती, किती होती, कुठल्या घरांतली, त्यांना नेमकं काय सांगितलं, कशाची तुलना कशाशी केली, किती जण मधेच गळाले, हे सगळं तिथेच असतं. निष्कर्ष हे लेखकाचं मत आहे. पद्धत आणि तक्ते ही घडलेली गोष्ट आहे, आणि तिच्यावरून वेगळं मत काढायचा वाचकाला पूर्ण हक्क आहे. मिशेल आणि एबेसन यांचा 1970 चा निबंध अवघ्या नऊ पानांचा आहे. त्यातलं संख्याशास्त्र पदवीच्या विद्यार्थ्याला झेपेल असं आहे आणि मुलांचं वर्णन कुणालाही आवडेल असं. मुलाच्या स्वभावाबद्दल काहीही ठरवण्याआधी ती नऊ पानं वाचा, आणि पद्धतीचा भाग सगळ्यांत आधी.