मुरमाड जमिनीचे फळ

(मननासाठी शास्त्रभाग : मत्तय 13:1-23, लूक 13:6-9)



ज्या जमिनीत काही पिकत नाही ती टाकाऊ समजावी काय? वरवर पाहता हा प्रश्न शेतकऱ्याचा आहे. पण थोडा विचार केला तर तो आपल्या मंडळ्यांत, शब्बाथ शाळांत आणि पुष्कळ घरांत वारंवार विचारला जात असतो. फक्त शब्द वेगळे असतात. "त्या भावाच्या जीवनात काही फळ दिसत नाही." "त्या गावचे काम म्हणजे खडकावरची पेरणी." "इतकी वर्षे वर्ग चालवला, निष्पन्न काय झाले?" अशी वाक्ये आपण ऐकतो आणि बोलतोही. त्यांत एक न्याय दडलेला असतो, आणि मनुष्याचा न्याय करणे ही हलकी गोष्ट नव्हे. तो कोणत्या मापाने केला जातो हे तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या अभ्यासासाठी बीदरच्या माळासारखी शाळा दुसरी मिळणार नाही, आणि तेथे जाण्याचा उत्तम काळ म्हणजे पाऊस सरल्यानंतरचा, दसरा-दिवाळीचा. बीदर शहर दोन हजार फुटांहून अधिक उंचीच्या पठारावर वसले आहे. खाली भालकी-औरादकडे काळी, चिकट, तूर-ज्वारी पिकवणारी जमीन. वर मात्र जांभा दगड आणि लाल मुरूम. श्रावणात हा माळ हिरवा दिसतो. आश्विनात गवत पिवळे पडते, कुसळे धोतराला आणि लुगड्याला टोचू लागतात, आणि पायाखाली मुरूम करकर वाजतो. हिरवळीची सवय असलेल्या डोळ्यांना येथे पाहण्यासारखे काही नाही असे वाटते. पण थांबून पाहिले तर तरवडाची पिवळी फुले दिसतात. उतारावर, जेथे कोणी खत घातले नाही की पाणी दिले नाही, तेथे सीताफळाच्या झुडपांवर डोळे उघडलेली फळे असतात. सीताफळ हे भारी जमिनीचे फळ नव्हे. पाणी साचणारी काळी माती त्याला मानवत नाही. खडकाळ, निचऱ्याची, हलकी जमीनच त्याला हवी. आपण जिला नापीक म्हणतो ती त्याची पिकाऊ जमीन आहे.

कोरड्या खड्यांचीही बाग असू शकते, ही गोष्ट जगात इतरत्र लोकांनी ओळखली आहे. जपानमधील क्योतो शहरात रियोआन्-जी नावाचे बौद्ध मंदिर 1450 साली स्थापन झाले. तेथील बागेत झाड नाही, फूल नाही, पाणीही नाही. दाताळ्याने रेषा ओढलेली पांढरी खडी, तिच्यात 15 दगड आणि दगडांच्या पायथ्याशी थोडे शेवाळ, एवढीच ती बाग. ओसरीवर कोठेही बसले तरी पंधराही दगड एकाच वेळी दिसत नाहीत. एखादा तरी दुसऱ्याआड लपलेला राहतो. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात बेथ चॅटो या बाईंनी 1990 च्या दशकाच्या आरंभी मोटारी उभ्या करण्याच्या जुन्या खडीच्या जागेवर बाग लावली आणि तिला नळीने पाणी द्यायचे नाही असे ठरवले. तेथे वर्षाचा पाऊस सुमारे 500 मिलिमीटर, म्हणजे बीदरपेक्षा पुष्कळ कमी. त्यांनी आधी जमीन खोल खणून खत मिसळले, कोरड्यात तग धरणारी झाडे निवडली आणि वरून खडी पसरली. पाणी वरून मिळत नाही म्हणून मुळे खाली गेली. चॅटोबाई 2018 साली वारल्या. बाग टिकून आहे.

पण क्योतोला किंवा एसेक्सला आपल्यापैकी कोण जाणार? आपली मुरमाची बाग आपल्या दारात आहे, आणि तिची गोष्ट त्यांच्याहून मोठी आहे. क्योतोचे ते मंदिर उभे राहण्याच्या आधीच्या वीस-पंचवीस वर्षांत अहमदशहा बहमनीने आपली राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बीदरला आणली होती. किल्ल्यात सोळा खांबांच्या मशिदीसमोर लाल बाग आहे. कारंजी, पाट आणि हौद यांनी ती सजवली होती. अशा उंच माळावर राजवाडे, बागा आणि वस्ती यांना पाणी आले कोठून? उत्तर त्याच मुरमात आहे.

जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यावर साचत नाही, त्याच्यातून खाली झिरपते. पुढे पाणी न सोडणारा थर लागला की ते आडवे वाहू लागते आणि पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. नानक झिरा येथील झरा, पापनाशचा झरा, ही या माळाचीच देणगी होय. बहमनी काळात इराणी पद्धतीने नौबादजवळ जमिनीखाली मंद उताराचे भुयार खोदून हे पाणी वस्तीकडे आणले गेले. त्याला करेज म्हणतात. वरून पाहणाऱ्याला अंतराअंतरावर विहिरीसारखी तोंडे तेवढी दिसतात; पाणी अंधारातून चालत असते. माळाने आपल्यासाठी काही ठेवले नाही म्हणून तो कोरडा दिसतो, आणि त्याने ठेवले नाही म्हणूनच कडेच्या लोकांना मिळते.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बिदरी कामाची काळी भांडी सर्वांना ठाऊक आहेत. जस्त आणि तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदी जडवल्यानंतर कारागीर किल्ल्यातील जुन्या, ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची माती आणतात. ती नवसागर घातलेल्या पाण्यात कालवून भांड्यावर लावली की धातू काळाभोर होतो आणि चांदी जशीच्या तशी पांढरी राहते. माती योग्य आहे की नाही हे मुरलेला कारागीर जिभेवर ठेवून पाहतो. शेतकरी जिच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही त्या मातीने जगभर या शहराचे नाव केले. आणि 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यात खडी फोडून ज्यांनी लेकरे जगवली ती माणसे अजून आपल्यात आहेत. दगडातून भाकरी निघाली हे त्यांनी आपल्या हातांनी पाहिले आहे.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. कोणी म्हणेल, "पेरणाऱ्याच्या दाखल्यात प्रभूने खडकाळ जमिनीला नावे ठेवली आहेत, मग तुम्ही तिचे गोडवे का गाता?" शंका रास्त आहे. हलक्या रानात पेरलेले लवकर उगवते आणि पावसाने दहा दिवस ओढ दिली की करपते, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. प्रभूचे निरीक्षण अचूक आहे आणि त्याचा इशारा खरा आहे. परंतु तो दाखला वाचताना तीन गोष्टी आपल्या नजरेतून सुटतात.

पहिली ही, की पेरणाऱ्याने त्या जागेवरही बी टाकले. जमीन पाहून त्याने मूठ आवळली नाही. दुसरी ही, की चांगल्या जमिनीतही कोठे शंभरपट, कोठे साठपट, कोठे तीसपट पीक आले. तीसपट देणाऱ्या जमिनीला प्रभूने शंभरपटीशी ताडून कमी लेखले नाही. आपले अहवाल मात्र नेमके तेच करतात. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हा दाखला ऐकणाऱ्याने स्वतःला तपासावे म्हणून सांगितला आहे. शेजाऱ्याची जमीन मोजण्यासाठी साखळी म्हणून तो आपल्या हातात दिलेला नाही. "मी कोणती जमीन आहे?" हा प्रश्न त्यातून निघतो. "तो कोणती जमीन आहे?" हा प्रश्न आपण आपल्या पदरचा घालतो.

या पदरच्या प्रश्नाने होणारी हानी जांभ्याकडे पाहिले तर समजते. फ्रान्सिस बुकानन नावाच्या प्रवाशाने मलबारात पाहिलेल्या या दगडाला 1807 साली विटेच्या लॅटिन नावावरून लॅटेराइट हे नाव दिले. कारण खाणीत तो इतका मऊ असतो की लोखंडी हत्याराने विटेसारखा कापता येतो. पण कापून उघड्या हवेत ठेवला की कठीण होत जातो. मनुष्याचेही असेच होते. ज्याला आपण "खडक" म्हणून मंडळीच्या बाजूला काढतो, तो त्या वेळी खडक असतोच असे नाही. उपेक्षेच्या वाऱ्यात काही वर्षे पडून राहिला की मग खरोखर होतो, आणि आपण म्हणतो, "आम्ही म्हणत नव्हतो काय?"

जमिनीच्या बाबतीतही हेच घडत आहे. माळ पडीक ठरला की त्यावर प्लॉट पडतात, मुरूम ट्रॅक्टरने नेला जातो, जमीन सिमेंटने झाकली जाते. मग झरा का आटला याचे नवल वाटते. निरुपयोगी हा शब्द निव्वळ वर्णनाचा नसतो. त्यामागून कुदळ येते.

येथे दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. नाहीतर आळशी मनुष्य म्हणेल, "मी मुरूम आहे, माझ्याकडून फळ मागू नका." लूक 13 मधील अंजिराच्या झाडाचा दाखला या सबबीला जागा ठेवत नाही. तीन वर्षे फळ नाही, ही तक्रार धन्याने केली आणि माळ्याने ती नाकारली नाही. झाडाला फळ यायला नको असे तो म्हणाला नाही. त्याने एका वर्षाची मुदत मागितली, आणि भोवती खणण्याचे व खत घालण्याचे काम स्वतःच्या अंगावर घेतले. ज्याला दुसऱ्याच्या वांझपणाबद्दल बोलायचे आहे त्याने आधी हातात कुदळ घ्यावी, हा या दाखल्याचा नियम आहे.

मग कोरडेपणा आणि कठीणपणा यांतला भेद कसा ओळखावा? माळावरच उत्तर मिळते. मुरमावर पाणी पडले की आत जाते. तुडवून घट्ट झालेल्या वाटेवर पडले की वरच्यावर वाहून जाते. दोन्ही जागा दुसऱ्या दिवशी सारख्याच कोरड्या दिसतात. म्हणून "ओल किती दिसते?" असे न विचारता "पाणी गेले कोठे?" असे विचारावे. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची सहा वर्षे सेवा करणारी बहीण महिला मंडळाच्या सभेला येत नाही. तिचे नाव कोणत्याही समितीत नाही. प्रार्थनेत आपल्याला काही जाणवत नाही असेही ती कष्टाने सांगते. तिच्यावर पडलेले पाणी कोठे गेले हे त्या घरातल्या खाटेला विचारा. उलट ज्याची साक्ष दर वर्षी ओलीचिंब असते, पण घरी, शेजारी, मजुराच्या पगारात तिचा थेंबही पोहोचत नाही, त्याने स्वतःला कोणती जमीन म्हणावे? हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःपुरता कठोरपणे विचारावा. दुसऱ्याविषयी मात्र सावकाश बोलावे, कारण करेजमधले पाणी वरून दिसत नाही, आणि पंधरावा दगड आपल्या जागेवरून लपलेला असतो.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना हे विशेषेकरून सांगायचे आहे. आपल्या सीमाभागात दिवाळी झाली की पुष्कळ घरांना कुलपे लागतात. कोणी ऊसतोडीला, कोणी पुण्या-मुंबईला, कोणी हैदराबादला बांधकामावर जाते. आषाढात बावीस मुले असलेल्या वर्गात कार्तिकात सात उरतात. उरलेल्या सातांना घेऊन बसलेल्या शिक्षिकेला वाटते, आपण मुरमावर पाणी ओततो आहोत. बाईसाहेब, तसे ओतत असाल तर निराश होऊ नका. मुरमावर ओतलेले पाणी कडेला निघते. तुम्ही शिकवलेले गीत एखादी मुलगी कोपीत धाकट्या भावाला झोपवताना म्हणते. ते तुमच्या हजेरीपटावर चढणार नाही.

परंतु केवळ समाधान मानून बसू नये. माळ्याची कुदळ येथेही चालवली पाहिजे. यंदाच्या अहवालात "मुले कमी झाली" असे लिहून थांबू नका. कोण कोठे गेले ते लिहा. आज मजुराच्या घरीही मोबाईल असतो. आठवड्यातून एकदा त्या मुलांशी बोला. ती ज्या गावी गेली तेथे जवळ आपली मंडळी असेल तर तिच्या पाळकांना कळवा. आणि ज्या मंडळ्यांच्या आसपास अशी कुटुंबे येऊन उतरतात, त्यांनी रविवारी मंदिराच्या मागच्या बाकावर बसलेले अनोळखी, धुळीने माखलेले मूल कोणाच्या तरी माळावरून झिरपत आलेले पाणी आहे असे समजून त्याला पुढे बोलवावे.