तुकड्यातुकड्यांनी

जर्मनीत ‘ब्राव्हो’ नावाचं एक साप्ताहिक १९५६ साली म्युनिकला सुरू झालं. पहिल्या अंकावर मेरिलिन मन्रो होती. किंमत ५० फेनिग, म्हणजे खाऊच्या पैशांत बसणारी. पुढे कित्येक पिढ्यांचं कुमारवय या साप्ताहिकाच्या सोबतीनं सरलं.

१९५९ पासून त्यात एक गंमत येऊ लागली. आवडत्या नटाचं, गायकाचं माणसाएवढं चित्र. पण एकदम नाही, तुकड्यातुकड्यांनी. पहिली आली फ्रेंच नटी ब्रिजित बार्दो. एका अंकात एक तुकडा, पुढच्या अंकात दुसरा. मुलं कात्री घेऊन बसत, तुकडे जुळवत, भिंतीवर चिकटवत. चेहरा यायचा असेल तर थांबायचं. एखादा अंक हुकला, तर तेवढी जागा कोरीच.

मला त्या कोऱ्या जागेचं अप्रूप वाटतं. जे अजून आलेलं नाही, त्याच्याकडेच आपण जास्त वेळ बघतो. आणि चित्र पुरं होईपर्यंत ते लावणारं मूलही तेच कुठे राहतं? त्या वयात काही आठवड्यांत आवाज फुटतो, बाह्या आखूड होतात, कालपर्यंतची आवड आज परकी वाटते.

त्याच साप्ताहिकात आणखी एक जागा होती. १९६९ पासून ‘डॉक्टर सोमर’ या नावानं मार्टिन गोल्डस्टाइन मुलांच्या पत्रांना उत्तरं देऊ लागले. शरीराविषयी, प्रेमाविषयी, घरी विचारता न येणारं सगळं त्या पत्रांत असे. १९७२ साली अशा मजकुरापायी दोन अंक अल्पवयीनांना घातक ठरवले गेले. ज्यांनी प्रश्न विचारले, त्यांच्याच हाती उत्तर पडू नये, हे मला फार कठोर वाटतं.

बार्दोचे तुकडे निदान कुणीतरी नीट मापून कापलेले होते. आज ना उद्या ते जुळणारच होते. पत्र लिहिणाऱ्या मुलीला मात्र आपलं पुरं चित्र कसं असेल, हे ठाऊक नव्हतं. तिनं तरीही लिहिलं. अशी पत्रं ढिगानं येत. छापायला जागा थोड्यांनाच मिळे. पण न छापलेल्या पत्रांनाही टपालानं उत्तरं जात.