हद्दीपलीकडचा संसार

समान नागरी कायद्याचा वाद तापला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'देशभर एक कायदा करा, कायद्या-कायद्यांतली भांडणं आपोआप मिटतील, गोव्याकडे बघा.' उत्तराखंडचा कायदा २७ जानेवारी २०२५ पासून लागू झाल्यावर तर ते सिद्ध झालेल्या प्रमेयासारखं मांडलं जातं. विवाहात आणि वारशात बाईला बरोबरीचा हक्क हवा, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण हे प्रमेय खोटं आहे, आणि रत्नागिरीकरांना तरी ते कळायला हवं होतं. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत गोव्याची उत्तर हद्द ही आमच्याच जिल्ह्याची दक्षिण हद्द होती. दोन्ही बाजूंना सोयरिकी होत आल्या, देवदेवस्की एक राहिली. कायदे मात्र दोन.

पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता गोव्यात १ जुलै १८७० पासून लागू झाली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पुढच्याच वर्षी संसदेने तिथले चालू कायदे कायम ठेवले. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मिळकत सामाईक, ही त्या संहितेची मोठी देणगी. ती दिसते खरेदीखताच्या टेबलावर. पेडण्यातली जमीन विकताना 'एक-चौदा'च्या उताऱ्यावर नाव एकट्या नवऱ्याचं असलं, तरी खतावर बायकोची सही लागते. इकडे सावंतवाडीत सात-बारा नवऱ्याच्या नावे असला की बायकोला दुय्यम निबंधकाकडे कोणी बोलावतही नाही. तिचा हक्क उगवतो तो नवरा गेल्यावर, वारस म्हणून. आणि गोव्याचा कायदा 'एक' म्हणणाऱ्यांनी १८८० ची रूढिसंहिताही वाचावी. बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल झालं नाही, किंवा तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही, तर हिंदू नवऱ्याला दुसरं लग्न करण्याची मुभा त्यात लिहून ठेवलेली आहे.

मग गोव्याच्या माणसाचं घर गोव्याबाहेर असलं तर? मुंबईतलं घर एका मुलीच्या नावे करणाऱ्या मृत्युपत्रावरून हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १३ सप्टेंबर २०१९ रोजी न्या. दीपक गुप्ता आणि न्या. अनिरुद्ध बोस यांनी निकाल दिला : ही संहिता आता परकी नाही, संसदेने स्वीकारलेला भारतीय कायदा आहे; म्हणून इथे कोणत्या देशाचा कायदा लावायचा हे ठरवणारा खासगी आंतरराष्ट्रीय कायदा लागत नाही, आणि गोव्यात अधिवास (कायद्याच्या नजरेतलं कायमचं घर) असलेल्याच्या देशभरातल्या मिळकतीचा वारसा त्याच संहितेने ठरेल. मृत्युपत्रानेही हिरावता न येणारा मुलांचा राखीव वाटा यामुळे वाचतो, म्हणून निकाल मला मान्य आहे. पण परकेपणाचा शिक्का पुसला म्हणून प्रश्न सुटत नाही. 'गोव्यात अधिवास' कोणाचा, हे ठरवावंच लागतं, आणि सगळा तंटा तिथेच असतो.

याचा सर्वांत बोलका पुरावा मुंबई इलाख्याच्याच इतिहासात आहे, आणि आजच्या चर्चेत त्याचं नावही कोणी घेत नाही. १९४६ मध्ये मुंबई सरकारने हिंदूंच्या द्विभार्येला बंदी करणारा कायदा केला. न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी तो १९५१ च्या नरसू आप्पा माळी खटल्यात वैध ठरवला, तो निकाल सर्वांना ठाऊक असतो. कायदा करणाऱ्यांना हद्दीची जाणीव होती. इलाख्याच्या कडेला संस्थानं होती, पोर्तुगीज मुलूख होता. हद्द ओलांडून दुसरी बायको करून आणायची आणि पहिलीला माजघरात ठेवायचं, ही वाट बुजवायला त्यांनी कलम घातलं : लग्न इलाख्याबाहेर लागलं, पण दोघांपैकी एकाचा अधिवास इथला असला, तरी ते रद्द. हेतू किती स्वच्छ होता! पण पुढे बिकानेरात लागलेल्या एका लग्नाचा खटला मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे आला, तेव्हा मुख्य न्यायमूर्ती छागलांनी त्या कलमाच्या पायावरच बोट ठेवलं. राज्याचा अधिवास अशी वस्तूच नाही. माणसाचा अधिवास असतो तो भारताचा.

हे दोन निकाल शेजारी ठेवून बघा. एक म्हणतो अधिवास देशाचाच असतो, दुसरा गोव्यातल्या अधिवासावर मुंबईतलं घर तोलतो. आता उत्तराखंडचा कायदा राज्याबाहेर राहणाऱ्या आपल्या रहिवाशांनाही लागू होतो, आणि रहिवासी कोण याच्या व्याख्येत तिथे वर्षभर राहिलेला माणूसही बसतो. चिपळूणचा मुलगा डेहराडूनच्या नोकरीत वर्षभर राहिला, तर त्याचा विवाह आणि वारसा कुठल्या कायद्याने बघायचा? एका राज्याने 'एक कायदा' केला आणि देशात आणखी एक हद्द उभी राहिली.

म्हणून कोणी म्हणेल, दुसऱ्याचा कायदा मानायला शिका, म्हणजे झालं. न मानल्याचे परिणाम आपण भोगलेलेही आहेत. दक्षिण आफ्रिकेत केपच्या न्यायालयात न्या. सर्ल यांनी १४ मार्च १९१३ रोजी ठरवलं की बहुपत्नीत्वाला मुभा देणाऱ्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह कायदा ओळखणार नाही. एका निकालाने हजारो हिंदू-मुसलमान बायकांचं पत्नीपण पुसलं गेलं. आदल्याच वर्षी आमच्या गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले तिथल्या भारतीयांची गाऱ्हाणी ऐकून आले होते. कस्तुरबा तुरुंगात गेल्या, तेव्हा कुठे १९१४ च्या कायद्याने एकपत्नी विवाहांना मान्यता मिळाली.

तरीही दुसऱ्याचा कायदा मानणं एवढ्यावर थांबता येत नाही, हे शिकवणारे दोन मराठी न्यायाधीश मला मोठे वाटतात. शिकायला अमेरिकेत गेलेल्या एका नवऱ्याने नेवाडातून घटस्फोट मिळवला. तिथे सहा आठवड्यांचा मुक्काम पुरायचा. यशवंतराव चंद्रचूडांनी तो हुकूमनामा मानला नाही : कायमचं राहण्याचा इरादा खोटा सांगून मिळवलेला अधिकार आम्हांला बांधत नाही. त्यांनी पुढे जाऊन म्हटलं की हे नियम दुसऱ्या देशाकडून आयते उचलायचे नाहीत, आपले आपण घडवायचे. १९९१ मध्ये न्या. पी. बी. सावंतांनी ते घडवले. तिरुपतीला लग्न, मिसूरीत घटस्फोट, असं ते प्रकरण. ज्या कायद्याने लग्न झालं त्यातलीच कारणं आणि त्यातलंच न्यायालय, हा त्यांचा मूळ नियम. अपवाद मोजके : पत्नी तिथेच राहत असेल, तिने संमती दिली असेल, किंवा स्वखुशीने हजर राहून बाजू मांडली असेल. परदेशी समन्स टपालाने आलं म्हणजे बाईला संधी मिळाली, असं सावंतांनी धरलं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ मध्ये नैसर्गिक न्याय हे दोन शब्द १९०८ पासून आहेत. त्यांत त्यांनी पत्नीच्या प्रवासाच्या, मुक्कामाच्या आणि खटल्याच्या खर्चाचं वजन घातलं.

पण तो न्यायालयाने घालून दिलेला नियम आहे, संसदेने नाही. अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचं विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं. विधी आयोगाने २८७ व्या अहवालात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, अशा विवाहांसाठी सर्वंकष केंद्रीय कायद्याची शिफारस केली. पालकांपैकी एकाने परदेशातून आणलेल्या मुलांबाबतच्या १९८० च्या हेग कराराबाहेर आपण अजून उभे आहोत. समान नागरी कायदा येवो न येवो, कुठे कोणता कायदा लागतो हे सांगणारा केंद्रीय कायदा आधी यायला हवा. अधिवास कशाने सिद्ध होतो, हे त्यात लिहिलेलं असावं. राज्यांचे कायदे एकमेकांना भिडले तर विवाहाला कोणता आणि मिळकतीला कोणता, हे असावं. आणि परदेशी घटस्फोट इथे चालवू पाहणाऱ्या नवऱ्याने पत्नीला तिच्या भाषेत नोटीस पोचल्याचा, तिकडे हजर राहण्याचा तिचा खर्च भरल्याचा पुरावा आधी दाखल करावा, ही अट असावी.