कागदावरची नदी

काजळी नदी भाट्याजवळ समुद्राला मिळते, ती जागा आपल्या रत्नागिरीकरांच्या रोजच्या पाहण्यातली. पण सह्याद्रीतून येताना तिनं किती वळणं घेतली, हे खाडीच्या पुलावरून दिसत नाही. बालगृहातल्या मुलाचंही तसंच. आपल्याला दिसतं ते आजचं मूल. मागचं गाव, घर, हरवलेली माणसं फाइलीत असतात. २०१५च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे प्रत्येक मुलाच्या संगोपनाचा स्वतंत्र आराखडा करावा लागतो, आणि तो हवाच. पण फाइल मोठ्यांसाठी असते. मूल मनात विचारत राहतं, ‘मी इथे का आलो? माझं काही चुकलं का?’ लहान मुलं दोष बहुधा स्वतःकडेच घेतात. आपण गप्प राहिलो, तर ती समजूत घट्ट होते.

म्हणून मुलाला कागदावर स्वतःच्या आयुष्याची नदी काढायला द्यावी. जन्म झाला तिथे उगम, घर बदललं तिथे वळण. आजीनं जवळ घेतलं तिथे पात्र रुंद, कुणी सोडून गेलं तिथे कातळ. एखादं मूल नदीऐवजी मातीचं घर करील आणि त्याला दारच ठेवणार नाही. ‘दार कुठाय?’ असं लगेच विचारू नये. शेजारी बसावं. ठाऊक आहे ते खरंखरं, त्याच्या वयाला पेलेल अशा शब्दांत सांगावं. ठाऊक नाही तिथे कागद कोराच राहू द्यावा, गोड गोष्ट रचून भरू नये.

आणि तो कागद त्या मुलाचाच. उद्या त्याचा मुक्काम बदलला, तर कपड्यांच्या पिशवीत तोही जायला हवा.