एकाच जिनसाची गल्ली

नवं दुकान काढणाऱ्याला कुणीही सांगेल, की त्याच मालाचं दुकान जवळपास नसेल अशी जागा बघ. पुण्याच्या जुन्या पेठांतून पायी हिंडलं तर नेमकं उलटं दिसतं. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानाला लागून पुस्तकांचंच दुकान. बुधवार पेठेतच तपकीर गल्लीत विजेच्या सामानाशेजारी विजेचंच सामान. रविवारात बोहरी आळीत खिळे, कड्याकोयंडे, दोरखंड. ज्याच्याशी गिऱ्हाईक वाटून घ्यायचं, त्याच्याच भिंतीला भिंत लावून माणसं का बसतात?

जातीचं उत्तर चटकन सुचतं, आणि कसब्यातली तांबट आळी त्याची साक्ष देते. पेशवाईत कोकणातून आलेले त्वष्टा कासार तिथं वसले आणि तांब्याचे बंब, घंगाळी, हंडे घडवत राहिले. त्यांचं मठारकाम म्हणजे पत्र्यावर ओळीनं हातोडीचे ठोके पाडणं. त्यानं भांडं बळकट होतं आणि झळाळतंही. दिवसभराची ही ठोकाठोक सहन करायला शेजारीही ठोकणाराच हवा, हे एकत्र राहण्याचं एक कारण असणार, असं मला वाटतं.

पण तपकीर गल्लीचं काय? स्विच आणि पंखे विकणारी जात काही कुठल्या दप्तरात सापडायची नाही. वीज आली ती पेशवाई जाऊन कितीतरी वर्षांनी, तरी तिचा बाजार आळीसारखाच एका जागी गोळा झाला. म्हणजे जात हे सुरुवातीचं कारण असेल, टिकण्याचं नव्हे.

किराण्याचं दुकान मात्र असं गोळा होत नाही. वाणी कोपऱ्याकोपऱ्यावर असतो, कारण मीठ घ्यायला कुणी चार दुकानं फिरत नाही. पितळी कडी, लग्नाचा शालू, बारावीचं जुनं पुस्तक यांचं तसं नसतं. ते पारखून, भाव विचारून, पुढच्या दुकानात डोकावून घ्यायचं असतं. एकट्या दुकानात गिऱ्हाइकाला फसवले जाण्याची धास्ती असते. दहा दुकानं ओळीनं असली की ती पुष्कळ कमी होते. शेजारचा प्रतिस्पर्धी हाच दुकानदाराचा जामीन ठरतो. म्हणून गिऱ्हाईक लांबून येतं, आणि येतं ते गल्लीत. अमुक एका दुकानात शिरणं ही त्याच्या दृष्टीनं नंतरची गोष्ट.

दुसरं कारण जागेचं. वाड्याच्या तळमजल्यावरच्या अरुंद गाळ्यात माल मावणार किती? पण आपल्याकडे नसलेली वस्तू पोऱ्याला पिटाळून शेजारून मागवता येते, आणि उद्या शेजाऱ्याचा पोऱ्या आपल्याकडे येतो. ‘बसा, आणून देतो’ हे वाक्य या बाजाराचा खरा पाया आहे. (अर्थात पुण्यात ‘नाही’ एवढंच ऐकू येण्याचीही तयारी ठेवावी, आणि दुपारी एक ते चार तेही ऐकू येईलच असं नाही.) अशी सगळी गल्ली मिळून एकच मोठं दुकान होतं; त्याचे मालक तेवढे अनेक.

हे जमतं ते अंतरं पावलांची असतात म्हणून. तुळशीबागेत भातुकलीच्या भांड्यांपासून बांगड्यांपर्यंत पोचायला गाडी लागत नाही; उलट गाडी असली तर ती लावायची कुठं, यातच निम्मी दुपार जाते. लक्ष्मी रस्त्यावरून गाडीत बसून जाणाऱ्याला फक्त पाट्या दिसतात. पलीकडच्या दुकानात तीच कडी दहा रुपयांनी स्वस्त असल्याचं कळायला दुकानाची पायरी चढावीच लागते.

या रचनेचा तोटाही आहे. गॅसचे आणि विजेचे गीझर आले तेव्हा बंबाची मागणी एका दुकानाची नव्हे, सगळ्या आळीची आटली. कारागिरांना दिव्यांच्या छत्र्यांकडे आणि शोभेच्या वाडग्यांकडे वळावं लागलं.

आता फोनवरून सगळंच घरपोच येतं, मग गल्ली कशाला, असं विचारतात. फोनवर वस्तू शोधायची तर निदान तिचं नाव ठाऊक हवं. जुन्या कपाटाच्या तुटलेल्या बिजागरीला काय म्हणतात, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. बोहरी आळीत ती खिशातून काढून गल्ल्यावर ठेवली की पुरतं. दुकानदार ती उलटसुलट करून बघतो आणि पोऱ्याला तिसऱ्या दुकानात धाडतो.