वारशाचा अधिकार

परंपरेचा अधिकार जन्माने मिळतो की सेवेने, हा प्रश्न ज्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या देवळात भजन केले त्यांना नवा नाही. अमेरिकेतील ‘कंट्री’ संगीतात, म्हणजे तेथील ग्रामीण गाण्यांत, तो एकदा मोठ्या विलक्षण रीतीने उभा राहिला.

कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे १९६६ साली काही तरुणांनी ‘निटी ग्रिटी डर्ट बँड’ काढला. कपडे घासण्याच्या फळीवर ताल धरण्याचा त्यांचा खेळकर बाणा लवकरच मागे पडला व विजेची वाद्ये आली. अशी ही केस वाढवलेली शहरी मुले ऑगस्ट १९७१ मध्ये नॅशव्हिलला गेली आणि ज्यांची गाणी ऐकून आपण शिकलो त्या वडीलधाऱ्यांस, आमच्यासह गा, असे विनवू लागली. १९२७ पासून ध्वनिमुद्रिकांवर गात आलेल्या मेबेल कार्टर आल्या. अर्ल स्क्रग्ज व अंध गायक डॉक वॉटसन आले. रॉय अकफ आरंभी साशंक होते, तरी अखेर गायले. तीन तबकड्यांचा तो संच १९७२ साली निघाला.

बिल मन्‍रो यांनी मात्र नकार दिला. त्यांस दोष देण्यास लेखणी धजत नाही. आपली ठेव अनोळखी हाती देताना कोणाचाही हात अडखळेल. तथापि ज्या ‘ब्लूग्रास’ शैलीचे ते जनक, ती त्यांनी स्वतःच १९४० नंतरच्या दशकात घडविली होती. ज्याचे रक्षण करावयाचे ते एकाच माणसाच्या हयातीत नवे होते!

खरा पेच पुढेच आहे. वडिलांचा विश्वास संपादन केलेल्या या मंडळींनी काही वर्षांतच नाव आखडून नुसते ‘डर्ट बँड’ केले आणि गुळगुळीत लोकप्रिय वळण धरले. ही प्रतारणा नव्हे काय? मला तसे वाटत नाही. वडिलांनी गाणी दिली, ती कोणत्याही अटीवाचून. मुलांनी जन्मभर तसेच गावे, असे त्यांनी बजावले नव्हते. परंतु अट नसली म्हणून ऋण फिटत नाही, आणि हे त्या मंडळींसही उमगले असावे. १९८० नंतर ते पुन्हा ग्रामीण गाण्याकडे वळले व १९८९ साली तशाच मेळाव्याचा दुसरा संच त्यांनी काढला. वृद्ध अकफ त्यातही गायले. मेबेलबाई १९७८ मध्येच निवर्तल्या होत्या. या वेळी त्यांच्या मुली आल्या.